टाचेच्या हिशेबानं यवतेश्वर

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता कागदावर अगदी सरळ दिसतो. साताऱ्यातून निघायचं, समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या बाजूला यायचं, तिथून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं माथ्यावर थोडं पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेनं परत. अंतर एकवीस किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत २०१५ मध्ये गिनीज बुकात गेली, कारण डोंगररस्त्यावरच्या एका शर्यतीत इतकी माणसं पळताना त्याआधी कुणी मोजली नव्हती. पावसाळा सरत आलेला असतो, डोंगर हिरवे असतात, घाटात धुकं असतं. पुण्या-मुंबईचे हौशी धावणारे हिची नोंदणी कधी सुरू होते याकडे डोळे लावून बसतात. मीही बसत होते.

पण माझी डावी टाच दुखते. वैद्यकात या दुखण्याला प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणून धरतो. पाऊल उचलताना बोटं मागे वळतात तसा तो आणखी ताणला जातो, कमान उंच होते आणि सैल पाऊल एकदम कडक, ढकलण्याजोगं बनतं. हिक्स नावाच्या संशोधकानं १९५४ साली ही रचना उलगडून दाखवली. आपण चालतो, पळतो ते या पट्ट्याच्या जोरावर. त्याच्यावर पेलवण्यापेक्षा जास्त भार महिनोन्‌महिने पडत राहिला की टाचेच्या हाडाला तो चिकटतो ती जागा कुरकुरायला लागते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की खिळा टोचल्यासारखी कळ येते. चार-सहा पावलांत ती निवते, दिवसभर बरं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा ठणका. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये हे इतकं सर्रास आहे की ओट्याशी उभ्या राहणाऱ्या दहाजणींना विचारलं तर एखाद-दुसरी हमखास निघेल.

आपल्याकडे या दुखण्याला घराची फरशीही हातभार लावते. घरात चप्पल घालायची नाही ही शिकवण माझ्या हाडीमाशी मुरलेली. शहाबादी असो की आताच्या गुळगुळीत टाइल्स, सकाळचे दोन-तीन तास त्या टणक जमिनीवर अनवाणी उभं राहायचं, पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात पायात काय असतं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी एक मऊ, टाचेला आधार देणारी, फक्त घरात वापरायची चप्पल घ्यायला लावली. देवघरापाशी ती काढते, स्वयंपाकघरात घालते. आईला हे पचायला वेळ लागला. पण माझी सकाळची कळ कमी झालेली तिनं पाहिली आणि पुढे तिनंच माझी चप्पल पलंगाशी सरळ करून ठेवायला सुरुवात केली.

त्याआधी एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून निकाल दिला होता: हाड वाढलंय, पळणं कायमचं बंद. टाचेचं वाढलेलं हाड तर ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेत दिसतं. दुखणं आणि ते हाड यांचा संबंध लोक समजतात तितका थेट नाही. संपूर्ण विश्रांतीनं कळ थांबते, पण पट्टा आणखी कमजोर होतो आणि पहिल्याच लांब चालीला पुन्हा बोंब मारतो. त्याला भारच हवा असतो, मात्र मोजून आणि हळूहळू वाढवत नेलेला. हे मला फिजिओबाईंनी पटवलं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. मग तीन सेकंदांत टाचा उचलायच्या, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली सोडायच्या. एक दिवसाआड. जमायला लागलं की एका पायावर, त्यानंतर पाठीवर सॅक घेऊन. पळण्यासाठीही त्यांनी एक माप दिलं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तीनपर्यंत पळायचं. तीनच्या वर गेलं की चालायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असं समजायचं.

अशा टाचेनं घाटाची शर्यत का निवडावी, असं आमच्या पळणाऱ्या गटातही विचारलं गेलं. माझं उत्तर तयार होतं. सपाट रस्त्यावर हजारो पावलं एकाच मापाची पडतात, एकाच जागी आदळतात, आणि शेजारचा ज्या वेगानं पळतोय त्या वेगाला मन चिकटून बसतं. घाटात चढ आपोआप वेग उतरवतो. आदळणं कमी होतं. चांगले चांगले धावणारे तिथे मधूनमधून चालतात, त्यामुळे चालण्याकडे कुणी वळून बघत नाही. चढावर पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते, तिचा ताण टाचेच्या हाडापर्यंत पोचतो हे खरं. पण त्याची तयारी करता येते, आणि पुण्यात राहणाऱ्याला त्यासाठी पर्वती आहे. शंभरावर पायऱ्या, पहाटेची हवा, वर देवदेवेश्वराचं दर्शन. पावसाळाभर मी तिथे चढले आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष दिलं, कारण साताऱ्यात खरी परीक्षा परतीच्या उताराची होती.

स्वारगेटहून शनिवारी सकाळची एसटी पकडली. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. खंबाटकीचा घाट एसटी दमानं चढली. परतीची वाहनं तेव्हा बोगद्यातून येत, जाणाऱ्यांना मात्र घाटच होता. मला तो घाट आवडतो. वळणावळणानं मागचं खोरं खाली जात राहतं आणि माथा ओलांडला की हवाच बदलते. बसमध्ये निम्मे लोक पळायला चाललेले होते. पायातल्या झगमगीत बुटांवरून ओळख पटत होती. माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती, पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉन पळणारी. तिला माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांच्याविषयी सगळं पाठ होतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आलेल्या त्या याच जिल्ह्याच्या. माण म्हणजे पावसानं कायम पाठ फिरवलेला भाग. आम्ही भुईंजजवळ कृष्णा ओलांडत होतो, नदी दुथडी भरून वाहत होती, आणि ती मुलगी सांगत होती की याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टँकरची वाट बघावी लागते.

साताऱ्यात धाकटी बहीण असते. तिच्या घरी पोचले तेव्हा तिच्या सासूबाई ओसरीवर बसून टाच शेकत होत्या. विटेचा तुकडा तापवलेला, त्यावर रुईचं पान, पानावर टाच. मी थबकून बघतच राहिले. त्यांनी हसून जागा करून दिली.

"ये गं. तुझंही हेच ना? ही सांगत होती. बस इथं, दुसरं पान आहे."

मी बसले. पानाची ऊब तळपायातून पोटरीपर्यंत चढली. शेकानं पट्टा सुधारत नाही, पण आखडलेली पोटरी सैल होते आणि तेवढा वेळ कळ विसरायला होते, हे निश्चित. काकूंचं, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंचं, माहेर लोणंदचं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून तिथे मुक्कामाला येते. लहानपणी वारकऱ्यांचे पाय धुवायचे, तेल लावून चोळायचे, हे काम घरातल्या पोरांकडे असे. त्या म्हणाल्या, "पाय हातात घेतला की कळायचं, माणूस किती चालून आलंय ते. भेगाळलेल्या टाचा, फोड, पण कुणी म्हणून मागं फिरत नसे." मग माझी टाच हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं आतल्या बाजूला बरोबर त्या जागी दाबलं. एक्स-रेशिवाय.

बिब आणि टायमिंगची चिप घेऊन आल्यावर संध्याकाळी बहिणीच्या स्कूटरवरून घाट बघून आलो. शर्यतीचा रस्ता आदल्या दिवशी पाहून ठेवणं टाचदुखीवाल्याला फार उपयोगी पडतं. डांबराला दोन्ही कडांकडे उतार असतो. कडेनं पळलं की एक पाऊल सतत आत कलतं आणि पट्ट्यावर तिरका ताण येतो. म्हणजे शक्य तिथे रस्त्याच्या मधोमध राहायचं. वळणांवर आतली बाजू जास्त चढाची असते, तिथे बाहेरून जायचं. हे सगळं मी बघत होते आणि बहीण सांगत होती की इथून स्वच्छ दिवशी कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, इथे पहिल्या पावसात दरड आली होती, इथे तिच्या नवऱ्यानं तिला लग्नाची मागणी घातली होती. जेवायला वरणभात आणि बटाट्याची भाजी. काकूंनी वर तुपाची धार सोडली.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं नडगीकडे ओढून पट्टा ताणून घेतला. पहिलं पाऊल: दोन. वेदनाशामक गोळी घेतली नाही. लांब पळताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, शिवाय टाच काय सांगतेय ते ऐकायचं असेल तर तिचा आवाज बंद करून कसं चालेल? सिलिकॉनची टाचपट्टी बुटात बसवली आणि उजाडता उजाडता मैदानावर पोचलो.

तिथली गर्दी, लेझीम, ढोल-ताशा यांचं वर्णन सगळेच करतात. मला साताऱ्याची माणसं सांगायची आहेत. पोवई नाक्यापासून जुन्या पेठांपर्यंत दुतर्फा लोक उभे होते. शाळेच्या गणवेशातली मुलं हात पुढे करून टाळ्या मागत होती, एक आजोबा फेटा बांधून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येक धावणाऱ्याला नमस्कार करत होते. बायका आपल्या दारातून पाण्याचे तांबे घेऊन पुढे येत होत्या. मोठ्या शहरांच्या शर्यतीत कडेचे लोक आपल्या ओळखीच्या माणसाला शोधतात. इथे मला वाटलं, सगळं गाव माझ्या घरचं आहे.

समर्थ मंदिर मागे पडलं आणि चढ लागला. मी पाऊल लहान केलं. एक किलोमीटरला आठ मिनिटं या माझ्या वेगानं मिनिटाला एकशे पासष्टच्या आसपास पावलं पडतात. म्हणजे एकवीस किलोमीटरमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस हजार, त्यातली निम्मी डाव्या पायाची. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार जमिनीवर येतो. तो चौदा हजार वेळा डाव्या पायाला झेलायचा आहे, हा आकडा मनात असला की लांब ढांगा टाकण्याची इच्छा आपोआप मरते. पाऊल लहान आणि शरीराच्या खालीच पडलं तर प्रत्येक पावलाचा भार उतरतो. पावलांची संख्या थोडी वाढते, पण टाचेला हा सौदा मानवतो.

पहिल्या वळणानंतर अजिंक्यतारा मागे, जवळजवळ बरोबरीला आला. त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा ढगात अर्धा बुडाला होता. आणखी वर गेल्यावर शहर दिसेनासं झालं. डाव्या हाताला काळ्या कातळावरून पाण्याच्या बारीक धारा रस्त्यावर येत होत्या, कातळाच्या फटीफटीत तेरडा फुलला होता. श्वासांचा आवाज, बुटांचा आवाज, आणि धुक्यात कुठेतरी पुढे वाजणारा ताशा. टाच दीडवर. चढ जिथे उभा झाला तिथे मी चालले, दोन्ही हात मांडीवर टेकवून, मोठ्या दमानं. बरोबरीनं एक पासष्टीचे गृहस्थ चालत होते, अनवाणी. मी त्यांच्या पायांकडे बघतेय हे बघून ते म्हणाले, "बाई, आयुष्य शेतात गेलं. बूट घातला की अडखळतो."

अनवाणी पळण्याचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या दगडी रस्त्यांवर अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आपल्या बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारीत अनवाणी पळाल्या, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून, आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. या माणसांपुढे मी मनापासून नमते. पण त्यांची पावलं लहानपणापासून मातीत घडलेली. बिकिलाही चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला. ओट्यापाशी आणि खुर्चीत आयुष्य गेलेल्या पायानं एका पावसाळ्यात बूट फेकून द्यावेत, हा सल्ला देणाऱ्यांना टाचेची कळ माहीत नसते. त्या गृहस्थांचे पाय त्यांचे, माझे माझे. आम्ही दोघंही चढत होतो.

यवतेश्वर गाव आलं. देवळाच्या दिशेला हात जोडले. माथ्यावर वारा सुटला होता आणि धुकं रस्त्यावरून आडवं वाहत होतं. पायाखाली सपाटी आल्यावर शरीर हलकं झालं. इथून पुढे कासपर्यंत हा सगळा जांभ्याचा सडा. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचं पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, त्याच साली ही शर्यतही सुरू झाली. मुख्य पठार आणखी पुढे, पण त्याची चाहूल इथेच लागते. कडेच्या गवतात सोनकीचा पिवळा रंग दिसायला लागला होता. वळणाच्या ठिकाणी संत्र्याच्या फोडी आणि मीठ हातावर ठेवणाऱ्या मुलीनं विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?" मी अगदी बरी होते. वळल्यावर बसमधली ती मुलगी समोरून येताना दिसली. आम्ही एकमेकींना हात उंचावून ओरडलो.

उतार सुरू झाला. इथे सगळे सुसाट सुटतात. चढावर हरवलेला वेळ इथे भरून निघतो, म्हणून ढांगा लांब होतात, टाच पुढे आदळते, आणि प्रत्येक पाऊल ब्रेक मारल्यासारखं पडतं. दोन तास पंचेचाळीस मिनिटांचा झेंडा पाठीवर लावलेला पेसर, म्हणजे तेवढ्याच वेळात शर्यत पुरी करून देणारा धावणारा, आपल्या घोळक्यासह मागून आला. घोळका एका सुरात घोषणा देत होता. मी त्यांच्यात मिसळले. त्या लयीत पळणं फार सुखाचं होतं. अर्धा-एक किलोमीटर गेला असेल, टाच तीनवर आली, मग चारवर. झेंडा समोर हातभर अंतरावर होता आणि पाय, फुप्फुसं, मन सगळं त्याच्याबरोबर जायला तयार होतं, एक टाच सोडून. मी कडेला झाले आणि चालायला लागले. झेंडा वळणाआड गेला.

तेवढ्यात एक स्वयंसेवक स्प्रे घेऊन धावत आला. त्याला नको म्हटलं, आभार मानले. मिनिटभर चालल्यावर टाच तीनवर, आणखी थोडं चालल्यावर अडीचवर. मग पुन्हा पळायला घेतलं, पाऊल आणखी लहान, गुडघे किंचित वाकवलेले, संपूर्ण तळवा एकदम टेकवत. उतरण मांड्यांनी झेलायची, टाचेनं नाही. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना हेच घोटलं होतं. दोन वळणं पळायचं, अर्धं वळण चालायचं, असा हिशेब जमला आणि टिकला. धुकं विरलं. खाली कण्हेरचं पाणी एकदम उघडं पडलं, मातकट आणि भरलेलं, पलीकडे डोंगरांच्या रांगा. झेंड्याबरोबर गेले असते तर हे दिसलंच नसतं असं नाही. ते त्यांनाही दिसलं असेल. पण मी चालत होते म्हणून मला थोडं जास्त वेळ दिसलं, आणि मला ते हवं होतं.

शहरात शिरले तेव्हा ते फेटेवाले आजोबा अजून खुर्चीत होते, नमस्कार करत. शेवटचा रस्ता सपाट. तिथे टाच दोनवर होती. मी सगळं बळ एकवटून पळले. रेषा ओलांडली तेव्हा बहीण रडत होती आणि हसत होती. गळ्यात पदक, हातात केळं. वेळ तीन तासांच्या आत.

घरी जाताना कंदी पेढे घेतले. काकू वाट बघत होत्या. त्यांनी कोमट पाण्यात मीठ घालून घमेलं तयार ठेवलं होतं, आणि मी नको नको म्हणत असताना माझे पाय स्वतः त्यात ठेवले. रात्री लवकर झोपले. सोमवारी सकाळी पहिलं पाऊल: तीन. म्हणजे भार पुरेपूर झाला होता आणि आता चार-पाच दिवस फक्त चालायचं, व्यायाम निम्मा करायचा.

पुण्याची बस दुपारची होती. ओसरीच्या पायरीवर मी टॉवेल गुंडाळून ठेवला आणि काकूंना बोलावलं. पदर खोचून त्या आल्या, दोन्ही हातांनी खांब धरला, चवडे पायरीच्या कडेवर ठेवले.

"हळू. तीन मोजा वर जाताना. थांबा. आता तीन मोजत खाली."

"दुखतंय गं थोडं."

"किती? दहातलं?"

त्यांनी विचार केला. "अडीच."

"मग चालेल. एक दिवसाआड करायचं. आणि घरात ती चप्पल घालायची, मी पाठवते."

"किती महिने?"

"तीन महिन्यांत फरक पडायला लागेल. पुरतं बरं व्हायला जास्त लागतील. वर्षही लागतं काहींना."

"म्हणजे आषाढापर्यंत," त्या म्हणाल्या. खांब न सोडता त्यांनी पुन्हा टाचा उचलल्या. "लोणंद ते तरडगाव चालायचंय मला माउलींबरोबर. चार वर्षं झाली जमलं नाही. आठ झाले ना? अजून किती?"

"अजून चार."

"मोज."